जास्तीचा डिझेल पंप साठवणीसाठी तयार करून घेताना: रत्नागिरीतील एका कॅलिब्रेशन केंद्राची सेवा

ट्रॉलरच्या (मासेमारी बोटीच्या) इंजिनाचा सहा सिलिंडरचा जास्तीचा इनलाइन पंप, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला दाबाने मोजून डिझेल पुरवणारा पंप, दीर्घकाळ ठेवण्यायोग्य करून घेण्यासाठी मी तो रत्नागिरीतील एका कॅलिब्रेशन केंद्राकडे (असे पंप तपासून जुळवून देणाऱ्या केंद्राकडे) दिला होता. तेथील काम उत्तम आहे आणि त्याचे मुख्य कारण त्यांची पद्धत आहे.

अनेक ठिकाणी पंप रॉकेलने धुऊन, नळ्यांच्या तोंडांत चिंध्या कोंबून परत देतात. रॉकेलमुळे धातूवरचा तेलाचा थर निघून जातो आणि चिंध्यांचे धागे आत शिरतात. एलिमेंटमधील, म्हणजे डिझेल दाबणाऱ्या जोडीतील, प्लंजर (दट्ट्या) आणि बॅरल (त्याची नळी) यांच्यातील फट अवघ्या काही मायक्रॉनची असल्याने, कोकणातील दमट, खाऱ्या हवेत गंजाचा एक बारीक डागही प्लंजर अडकवण्यास पुरेसा ठरतो. आत राहिलेले डिझेलही कालांतराने चिकट होते आणि त्यातील पाणी तळाशी बसते.

या केंद्रात आधी डिझेल पूर्ण काढून पंप टेस्ट बेंचवर (पंप फिरवून तपासण्याच्या यंत्रावर) चढवला गेला आणि आयएसओ ४११३ या आंतरराष्ट्रीय मानकाच्या कॅलिब्रेशन तेलावर, म्हणजे अशा तपासणीसाठीच्या खास तेलावर, चालवला गेला. हे मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण पंप फिरत असतानाच गंजरोधक घटक असलेले ते तेल प्रत्येक एलिमेंट आणि डिलिव्हरी व्हॉल्वपर्यंत (इंधन बाहेर सोडणाऱ्या झडपेपर्यंत) पोहोचते. बाहेरून कितीही तेल ओतले तरी ते तेथवर जात नाही. डिलिव्हरीची, म्हणजे पंप किती इंधन सोडतो याची, मोजणी त्याच फेरीत झाली. नंतर कॅमशाफ्टच्या कप्प्यात वंगण तेल काठोकाठ भरले, सर्व तोंडांना प्लास्टिकची टोपणे घट्ट बसवली, शाफ्टच्या उघड्या टोकाला ग्रीस लावले आणि पंप सिलिका जेलसह जाड पिशवीत सीलबंद केला. इंजिनाचा वेग आवरणाऱ्या गव्हर्नरचे शिशाचे सील अखंड होते.

उणीव एकच, पण गंभीर आहे: पिशवीवर तारीख किंवा सूचनांची चिठ्ठी नव्हती. साठवणीसाठी काठोकाठ भरलेले तेल नेहमीच्या पातळीपर्यंत उतरवल्याशिवाय आणि रॅक (इंधनाचे प्रमाण कमी-जास्त करणारा दांडा) हाताने मोकळा सरकतो याची खात्री केल्याशिवाय पंप इंजिनावर चढवू नये. रॅक इंधन वाढवणाऱ्या बाजूला अडकला तर इंजिन बेफाम वेग घेते. पंप बसवणारा मेकॅनिक दुसराच असू शकतो, म्हणून या दोन गोष्टी केंद्राने छापील चिठ्ठीवर देणे आवश्यक आहे आणि तोवर ग्राहकांनी त्या तेथेच लिहून घ्याव्यात.