चिस्तेर्निनो: खाटकाच्या दुकानातच जेवू घालणारे गाव

दक्षिण इटलीतील पुलिया प्रांतात, ब्रिंदिसी जिल्ह्याच्या डोंगराळ भागात, सुमारे ११,००० वस्तीचे चिस्तेर्निनो हे पांढऱ्या घरांचे शांत गाव आहे. एकट्याने एक संपूर्ण दिवस निवांत घालवायचा असेल, तर अधिक प्रसिद्ध असलेल्या शेजारच्या आल्बेरोबेल्लोपेक्षा मी हे गाव सुचवीन, आणि त्याचे मुख्य कारण तेथील खाटकांची दुकाने हे आहे. मटणाच्या दुकानासमोर उभे राहून कोणता तुकडा घ्यायचा हे स्वतः ठरवण्याची सवय असलेल्या कोल्हापूरकरांना ही व्यवस्था लगेच आपलीशी वाटेल.

दिवसाचा पूर्वार्ध पायी फिरण्यात सहज जातो. जुन्या गावातील गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की वाहनांचा प्रश्नच येत नाही. घरांच्या बाहेरून वर जाणारे दगडी जिने, कमानी आणि चुन्याने रंगवलेल्या भिंती पाहत आपण घड्याळाच्या मनोऱ्याच्या चौकात येतो. सार्वजनिक बागेच्या कठड्यावरून वाल्ले दीत्रियाचा प्रदेश दिसतो: ऑलिव्हची झाडे, द्राक्षमळे आणि त्यांत विखुरलेली, चुन्याविना रचलेल्या दगडी शंकूच्या छपरांची त्रुल्ली घरे. गावाबाहेर लिझेत्ता कार्मी या छायाचित्रकर्तीने १९७९ मध्ये स्थापन केलेला भोलेबाबा आश्रमही आहे, हे आपल्याकडच्या वाचकांना मुद्दाम सांगावेसे वाटते. दुपारी एकनंतर मात्र दुकाने बंद होतात आणि थेट संध्याकाळी उघडतात. त्या वेळात बागेतील बाकावर पुस्तक घेऊन बसण्याची तयारी नसलेल्याने या गावी येऊ नये.

संध्याकाळी खाटकांच्या दुकानांतील भट्ट्या पेटतात. ‘फोर्नेल्लो प्रोंतो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या व्यवस्थेत काचेमागे मांडलेल्या कच्च्या मांसातून आपल्याला हवे ते आपण दाखवायचे, खाटीक ते तोलून सळ्यांवर ओवतो आणि तेथल्याच लाकडाच्या भट्टीत भाजून आपल्या टेबलावर आणून देतो. जुन्या पद्धतीच्या भट्टीत सळ्या निखाऱ्यांच्या बाजूला उभ्या ठेवतात, त्यामुळे चरबी निखाऱ्यांवर न गळता खाली ओघळते आणि मांसाला जळका, धुरकट वास लागत नाही. एकटीने जेवणाऱ्या माझ्यासारखीला याचा सर्वांत मोठा फायदा असा की सर्व काही वजनावर मिळते. दोघांसाठी बनवलेली थाळी अर्धी टाकून उठावे लागत नाही आणि चार प्रकार थोडे थोडे मागितले तरी कोणी नाराज होत नाही.

गावाची खासियत असलेले ‘बोंबेत्ते’ म्हणजे डुकराच्या मानेकडील मांसाच्या पातळ कापांत चीज, मीठ, मिरी आणि बहुधा कोथिंबिरीच्या जातीची पार्स्ली घालून वळलेल्या लहान गुंडाळ्या. बाहेरून खरपूस, आतून वितळलेल्या चीजमुळे रसदार अशा या गुंडाळ्या गरम असतानाच खाव्यात, कारण थंड झाल्यावर चीज घट्ट होऊन त्यांची सारी मजा जाते. तरीही माझी पहिली पसंती ‘न्युम्मारेड्डी’ला आहे. कोकराचे काळीज, फुप्फुस वगैरे अवयव आतड्यात गुंडाळून भाजलेला हा पदार्थ, काळीज आणि वजडी आवडीने खाणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला नावाने परका असला तरी चवीने परका वाटणार नाही. मसाला मात्र कुठेच नाही. तांबड्या रश्श्याला सरावलेल्या जिभेला पहिले दोन घास फिके लागतील, पण मांस ताजे असेल आणि आच सांभाळली असेल तर मीठ-मिरी पुरेशी होते, हे मला येथे मनापासून पटले.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. डुक्कर न खाणाऱ्यांनी मागणी करतानाच स्पष्ट विचारावे, कारण अनेक प्रकारांत ते असते. शाकाहारी मंडळींना भाजलेल्या भाज्या, बटाटे, कोशिंबीर आणि चीज यांवरच भागवावे लागेल. त्यांच्यासाठी बाकला या कडधान्याच्या सुक्या दाण्यांचे गरगट आणि चिकोरीची पालेभाजी हा या प्रांताचा जुना पदार्थ अधिक योग्य, पण तो खाटकाकडे नव्हे तर साध्या खाणावळीत शोधावा. बिलात माणशी ‘कोपेर्तो’ नावाची छोटी रक्कम लागू शकते. ती इटलीत बहुतेक ठिकाणी रूढ आहे, तेव्हा त्यावरून वाद घालू नये.

येण्यासाठी मार्तीना फ्रांका ते लेच्चे या मार्गावरील फेर्रोविए देल सूद एस्त रेल्वे सोयीची आहे, मात्र रविवारचे वेळापत्रक आधी तपासावे. रात्रीचे जेवण साडेसात-आठच्या आधी सुरू होत नसल्यामुळे मुक्काम गावातच करावा, आणि शनिवारच्या गर्दीऐवजी आठवड्यातील मधला दिवस निवडावा, म्हणजे खाटकाला प्रत्येक तुकड्याबद्दल विचारायला सवड मिळते.