रिफर कंटेनरमधला लाइव्ह टेम्परेचर लॉगर : द्राक्षाच्या पूर्ण हंगामानंतरचा अनुभव

दिंडोरी तालुक्यातल्या आमच्या पॅकहाऊसमधून दर हंगामात थॉमसन आणि क्रिमसन या जातींच्या द्राक्षांचे रिफर (माल थंड ठेवणारे) कंटेनर न्हावा शेवामार्गे रॉटरडॅमला जातात. आधी आम्ही त्यात साधा यूएसबीवाला लॉगर (तापमान नोंदवणारं छोटं यंत्र) टाकायचो. माल पोचला की तिकडचा माणूस तो काढून संगणकाला लावणार आणि मग आलेख आपल्याला मेलवर येणार. तोवर द्राक्षं विकलीसुद्धा गेलेली असायची. यंदा जानेवारीपासून एप्रिलपर्यंत सगळ्या कंटेनरमध्ये सिमकार्डवाला, मोबाईलवर तापमान दाखवणारा लॉगर ठेवला. घ्यावा का, असं बरेच बागायतदार विचारतात, म्हणून सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी एक गोष्ट. जहाज किनारा सोडून पुढे गेलं की हे यंत्र गप्प होतं. मोबाईलचं टॉवर नाही, त्यामुळे नोंदी आतच साठतात आणि पुढच्या बंदराजवळ रेंज आली की एकदम येऊन पडतात. म्हणजे भर समुद्रात काय चाललंय हे तुम्हाला घरबसल्या दिसणार नाही. विकणारे ही गोष्ट फारशी ठळकपणे सांगत नाहीत, पण घेणाऱ्याने ती विचारूनच घ्यावी.

तरीही मी हा लॉगर पुन्हा घेणार आहे, कारण समुद्रावरचा आलेख बहुतेक वेळा सरळच असतो. रिफर प्लगला लागलेलं असतं, जहाजावरची माणसं फेरी मारून बघतात आणि तापमान शून्याच्या आसपास स्थिर राहतं. चढउतार दिसतात ते जमिनीवरच्या तासांत : लोडिंग, कसारा घाट, बंदराच्या गेटवरची रांग, आणि पलीकडे उतरल्यानंतरचे काही तास. हंगामभराचे आलेख एकावर एक ठेवून पाहिले तर सगळे उंचवटे याच जागी.

द्राक्ष तोडल्यावर पुढे पिकत नाही. तोडलेल्या क्षणी जे आहे तेच टिकवायचं असतं. उन्हातला प्रत्येक तास आधी देठातलं पाणी खातो, आणि युरोपातला खरेदीदार मण्याच्या आधी देठच बघतो. हिरवा असेल तर बोलणं पुढे सरकतं. म्हणून तोडणीनंतर काही तासांत प्रीकूलिंगमध्ये (भरण्याआधी माल गार करण्याच्या खोलीत) मण्याचं आतलं तापमान दोन अंशांच्या खाली आणायचं आणि मगच माल रिफरमध्ये भरायचा. रिफरचं मशीन थंड माल थंड ठेवण्यासाठी असतं. गरम माल आत ढकलून पॅनेलवर शून्य लावलं तर पॅनेल शून्य दाखवेल, पण मधल्या पॅलेटचा गाभा कित्येक दिवस गरमच राहील.

लॉगरने आमच्या लोडिंगबद्दल सगळ्यात जास्त शिकवलं. मार्चमधल्या दुपारी भरलेल्या कंटेनरमध्ये दाराजवळच्या पॅलेटवर तापमान सरळ वर जातं आणि दार बंद झाल्यावरही खाली यायला रात्र जाते. पहाटे भरलेल्या कंटेनरमध्ये तोच उंचवटा नावापुरता. आता मार्च-एप्रिलचं लोडिंग पहाटेच होतं. दार उघडं असेपर्यंत रिफरचं मशीन बंद ठेवतो, नाहीतर बाहेरची दमट हवा कॉइलवर जाऊन बर्फ धरते. दाराकडे उरलेल्या मोकळ्या जागेत जमिनीवर जाड पुठ्ठा लावतो. थंड हवा रिफरमध्ये खालच्या खाचांच्या जमिनीतून येते आणि बॉक्सच्या भोकांतून वर चढते. दाराशी जमीन उघडी राहिली की ती हवा सोपी वाट धरून तिथूनच वर निसटते आणि शेवटची पॅलेट उपाशी राहते. पुठ्ठा लावायला लागल्यापासून दाराकडचा आलेख आतल्यासारखाच शांत येतो. खर्च पुठ्ठ्याचा, फायदा शेवटच्या दोन पॅलेटचा.

लाइव्ह असल्याचा खरा उपयोग रस्त्यावर झाला. रात्री मोबाईल वाजला, तापमान अर्ध्या अंशावरून हळूहळू दीडकडे चाललेलं. गाडी घाट उतरून खाली आलेली. रस्त्यावर रिफरला वीज गाडीवरच्या जेनसेटमधून, म्हणजे डिझेल जनरेटरमधून मिळते. ड्रायव्हरला फोन लावला, "दादा, जेनसेट चालू आहे का बघा जरा." तो उतरून म्हणाला, "बंद पडलाय साहेब, मला आवाजच कळला नाही." डिझेलच्या पाइपात हवा धरली होती. ती काढून अर्ध्या तासात मशीन सुरू झालं. दार बंद आणि माल आधीच गार, म्हणून मण्यापर्यंत काही पोचलं नाही. साध्या लॉगरवर हेच आम्हाला पाच आठवड्यांनी कळलं असतं.

हे पाच आठवडेही नवीनच. डिसेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बहुतेक जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि तीन-साडेतीन आठवड्यांचा प्रवास वाढत गेला. पूर्वी जी चूक खपून जायची ती आता पेटी उघडल्यावर दिसते. आत दव धरलं की बुरशी रोखायला पेटीत ठेवलेला सल्फरचा पॅड ओला होऊन गॅस भराभर सोडतो. मग देठाजवळचे मणी पांढरे पडतात आणि पुढच्या प्रवासासाठी पॅडमध्ये काही उरत नाही. त्यानंतर बुरशीला मोकळं रान.

आता मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो मुद्दा. पलीकडून तक्रार आली की कपात शेवटी बागायतदाराच्या बिलातून होते. ग्रेपनेट या निर्यात द्राक्षांच्या ऑनलाइन नोंदणीमुळे कुठल्या पॅलेटमध्ये कुठल्या प्लॉटचा माल आहे हे आम्हाला आधीपासून माहीत असतं. आता त्याच्या शेजारी तापमानाचा आलेख ठेवता येतो. मण्यात पाणी उतरताना अवकाळी पाऊस झालेल्या बागेचा माल तडकला आणि आलेख सरळ असेल, तर कारण बागेत आहे हे बागायतदारही मान्य करतो. पण आलेखात उंचवटा असेल तर त्याच्या पदरात कपात टाकणं अन्याय आहे, आणि ते आम्हाला खरेदीदारासमोर आकड्यांनिशी मांडता येतं. यंदा एका कंटेनरची कपात अशीच मागे घेतली गेली. वर्षभर बागेत राबलेल्या माणसाला त्याचे पैसे पूर्ण मिळाले, याचं मला फार समाधान आहे.

त्रासही आहेत. रिफर डीफ्रॉस्टला (कॉइलवरचा बर्फ वितळवायला) गेलं की थोडा वेळ तापमान वर जातं आणि अलार्म वाजतो. अलार्मला किमान पाऊण तासाची सवलत देऊन ठेवा, नाहीतर महिन्याभरात घरचे फोन बंद करायला सांगतील. आर्द्रतेचा आकडा बॉक्सबाहेरच्या हवेचा असतो, लायनर पिशवीतल्या घडाचा नाही, त्यावर फार विसंबू नका. तापमानही हवेचंच, म्हणून लोडिंगच्या वेळी सुईचा थर्मामीटर मण्यात खुपसून बघणं सुटत नाही. प्रकाशाचा सेन्सर मात्र चोख : दार कुठे आणि किती वेळ उघडलं हे लगेच कळतं. विम्याच्या किंवा शिपिंग लाइनकडच्या दाव्यात आपला आलेख आधार म्हणून चालतो, पण कंटेनरच्या स्वतःच्या मशीनचा डेटाही लेखी मागून घ्यावाच लागतो.

किंमत साध्या लॉगरच्या कितीतरी पट आहे. पण पूर्ण कंटेनरच्या मानाने ती मोजक्या बॉक्सांची किंमत. दुबई किंवा जवळच्या बाजारात माल जात असेल तर साधा लॉगर पुरे, असं माझं मत. युरोपला आफ्रिकेच्या वळशाने माल पाठवणाऱ्याने हा घ्यावा.

पुढच्या हंगामात आम्ही दाराकडच्या पॅलेटवर डोळ्यांच्या उंचीला हा लाइव्ह लॉगर आणि मशीनजवळच्या पहिल्या पॅलेटवर साधा यूएसबीवाला, असे दोन ठेवणार आहोत. शिवाय पॅलेटचा नंबर आणि लॉगरचा फोटो खरेदीदाराला आधीच पाठवायचा असं ठरवलंय, कारण तिकडे माल उतरवताना पट्ट्या-पुठ्ठ्यांबरोबर लॉगर कचऱ्यात गेल्याचंही यंदा झालं.