आयक्लेपर्टिन : न मिळालेल्या गोळीचा रिव्ह्यू

पाचपैकी दीड स्टार. गोळी मी डोळ्यांनी पाहिलेलीसुद्धा नाही. पण तिची वाट जवळजवळ चार वर्षं पाहिली, म्हणून लिहायचा हक्क आहे असं समजते.

माझ्या धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आम्ही नागपूरच्या महाल भागात राहतो. कानात येणारे आवाज धंतोलीतल्या डॉक्टरांच्या औषधानं केव्हाच थांबले. उरलं ते वेगळंच. नागपूरहून सुटणाऱ्या गाड्यांचे नंबर त्याला आजही पाठ आहेत. झोपेतून उठवून विचारा, सेवाग्राम १२१४०, दुरांतो १२२९०. पण साखर, चहापत्ती, अगरबत्ती आणायला पाठवलं तर दोनच वस्तू येतात. पाचशेच्या नोटेतले उरलेले पैसे माझ्या हातावर ठेवून विचारतो, "ताई, बरोबर आहे ना वं?"

डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, या विसरण्या-गोंधळण्यासाठी म्हणून मंजूर झालेलं औषध नाही, पण एक येऊन राहिलंय. चिठ्ठीच्या मागं नाव लिहून दिलं. आयक्लेपर्टिन, बोहरिंगर इंगलहाइम या जर्मन कंपनीचं.

कल्पना मला पटली होती. शिकण्या-आठवण्याशी जोडलेल्या मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरला (पेशीवर संदेश झेलणाऱ्या जागेला) काम करायला ग्लायसिन नावाचं रसायन लागतं, आणि ते परत ओढून घेणारी एक यंत्रणा असते. मोरीच्या भोकाला फडका लावला की पाणी साचतं, तसं ही गोळी ती यंत्रणा अडवून ग्लायसिन जागेवर ठेवते. दुसऱ्या टप्प्यात ५०९ रुग्णांवर बारा आठवडे चाचणी झाली. १० आणि २५ मिलिग्रॅमच्या डोसला आकलनाच्या कसोटीत सुधारणा दिसली. २०२१मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध नियामकानं, 'ब्रेकथ्रू थेरपी'चा शिक्काही दिला; ही मंजुरी नव्हे, काम लवकर पुढं जावं म्हणूनचा दर्जा. मी पेढे आणायचेच बाकी ठेवले होते. एफडीएचा होकार आला असता तरी इथे दिल्लीच्या सीडीएससीओची, म्हणजे आपल्या केंद्रीय औषध नियामकाची, परवानगी वेगळी लागली असती, तेवढा हिशेबही मी मनात करून ठेवला होता.

मग तिसरा टप्पा. कॉनेक्स नावाच्या तीन चाचण्या, १,८००हून जास्त रुग्ण, रोज १० मिलिग्रॅम, २६ आठवडे. जानेवारी २०२५मध्ये कंपनीनं सांगून टाकलं की नकली (औषध नसलेली, तुलनेसाठीची) गोळी आणि खरी गोळी यांत म्हणण्यासारखा फरक आला नाही. खेळ खलास.

आकलनाची ती कसोटी काय असते ते मी शोधून वाचलं. दहा छोट्या परीक्षा असतात, त्यात एक अशी की एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावं येतील तितकी सांगायची. घरी भावाकडून करून घेतली. "वाघ, म्हैस, कुत्रा..." इथे थांबला, मग म्हणाला, "ताडोबात अजून काय काय असते वं?" दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न विचारला तर चार नावं जास्त! गोळी न घेता. सरावानंच आकडा वाढतो, तर नकली गोळीवाल्यांचाही वाढणारच. त्यावर औषधाचा फरक दिसायचा कसा? माझी कसोटी किराण्याची, तिला कोण विचारतं.

मंजुरीची आशा? या आजारासाठी मी शून्य धरते. याच जातीचं रोशचं बिटोपर्टिन २०१४मध्येच स्किझोफ्रेनियात आपटलं होतं. गंमत म्हणजे रक्तपेशींनाही हीम (रक्ताला लाल रंग देणारा घटक) बनवायला ग्लायसिन लागतं, म्हणून ते नंतर रक्ताच्या एका दुर्मीळ आजारासाठी तपासलं गेलं. सप्टेंबर २०२४मध्ये अमेरिकेत कोबेन्फी नावाचं नवं औषध मंजूर झालं, पण स्किझोफ्रेनियासाठी, स्मरणशक्तीसाठी नव्हे.

मध्यंतरी सीताबर्डीतल्या एका औषध दुकानदारानं 'बुद्धी वाढते, घेऊन जा' म्हणत एक टॉनिक पुढं केलं. मेंदूची क्षमता आणि स्मरणशक्ती वाढवण्याचा दावा औषधाला करताच येत नाही, आपल्या औषध नियमांतल्या शेड्यूल जे या यादीत तसं लिहिलंय. मी सांगितलं तर म्हणाला, "मॅडम, सगळेच घेतात."

दीड स्टार का? एक त्या १,८०० जणांसाठी, ज्यांनी २६ आठवडे गोळ्या गिळल्या. अर्धा कंपनीला, निकाल पडला तो लपवला नाही म्हणून.

सध्या भावाच्या खिशात वही आणि दोरीला बांधलेलं पेन असतं. वस्तू घेतली की खूण करायची. काल तीन सांगितल्या, तीन आल्या. वही मात्र दुकानातच राहिली.