ब्रेकच्या डिस्कवरचा पिवळा ठिपका आणि दुकानातली तीन खोकी

गाडीच्या पुढच्या ब्रेकच्या डिस्क (चाकाबरोबर फिरणाऱ्या चकत्या) आणि पॅड (त्यांना दाबून धरणारे तुकडे) बदलायला पुण्यातल्या नाना पेठेत गेलो, तेव्हा काउंटरवर तीन खोकी आली. एक गाडीच्या कंपनीचं, दुसरं ब्रेक बनवणाऱ्या सप्लायरच्या नावाचं आणि तिसरं बिननावाचं, सगळ्यात स्वस्त. तिसऱ्यातली डिस्क फिरवून दुकानदाराने पिवळा ठिपका दाखवला, "हा बघा, कंपनीचा मार्क."

कारखान्यात असे ठिपके मारतात हे खरं आहे. तपासणी झाली, एकसारख्या दिसणाऱ्या दोन भागांतला हा कुठला, बोल्ट ठरलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळला, अशा खुणा त्या. पण कोणत्या रंगाचा काय अर्थ हे प्रत्येक कारखाना स्वतःपुरतं ठरवतो, आणि ब्रश कोणाच्याही हातात असू शकतो. नवा भाग घेताना ठिपक्याला मी शून्य गुण देतो. कंपनीच्या खोक्यातल्या भागावर रंग दिसला नाही तर घाबरूही नका. बोल्टवरची रेघ गाडी जोडताना मारतात, खोक्यातल्या सुट्या भागाने गाडी जोडायची ती लाइन पाहिलेलीच नसते.

रंगाची खरी किंमत कळते जुनी गाडी घेताना. चाक काढा आणि कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) ब्रॅकेटचा बोल्ट बॅटरी मारून बघा. बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर उतरणारी रेघ सलग असेल तर बहुधा तो बोल्ट कारखान्यानंतर फिरलेला नाही. रेघ मधेच तुटून दोन तुकडे सरकले असतील तर तो सैल झालाय किंवा कोणीतरी खोललाय. खोलण्यात वाईट काही नाही, पण "ब्रेकला हातच लावलेला नाही" म्हणणाऱ्या मालकाला तिथेच विचारा.

नव्या भागात बघायची ती ओतलेली किंवा छापलेली अक्षरं. माझ्यापुढच्या कंपनीच्या आणि सप्लायरच्या, दोन्ही डिस्कवर किमान जाडी २० मिमी लिहिली होती आणि व्हर्नियरवर दोन्ही २२ भरल्या. बिननावाच्या डिस्कवर आकडाच नव्हता. मग ती झिजली की टाकायची कधी, हे मेकॅनिकने ठरवायचं कशावरून?

पॅडच्या कडेवरच्या कोडच्या शेवटी बहुतेकदा दोन इंग्रजी अक्षरं असतात. पहिलं साधारण तापमानातलं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५ (जितका जास्त तितकी पकड जास्त), एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी त्याच्या वर. एफई लिहिलेल्या पॅडची पकड तापल्यावर कमी होते, घाटात उतरणाऱ्याने तो घेऊ नये. आयुष्य किंवा आवाज मात्र या अक्षरांवरून कळत नाही. युरोपसाठीच्या पॅडवर वर्तुळातलं ई (हे घर्षणाचं अक्षर नव्हे, मंजुरीची खूण) आणि आर९० हा बदली पॅडसाठीचा नियम-क्रमांक दिसला तर चांगलंच, कारण त्या नियमात पॅडचं घर्षण मूळ पॅडच्या १५ टक्क्यांच्या आत असावं लागतं.

एक फरक बसवताना कळतो. करड्या लेपाची डिस्क तशीच बसते, घासण्याच्या भागावरचा लेप पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो. तेल लावलेली डिस्क ब्रेक क्लीनरने पुसावीच लागते. आणि हबला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) टेकणाऱ्या पृष्ठभागावर रंगाचा जाड थर असेल तर तो खरवडून काढा. डिस्क तिरकी बसली की ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं.

मी सप्लायरचं खोकं घेतलं, कारण माझ्या जुन्या कॅलिपरवर त्याच सप्लायरचं नाव ओतलेलं होतं आणि पार्ट नंबर जुळत होता. गाडी वॉरंटीत असेल किंवा नंबर जुळवता येत नसेल तर जास्तीचे पैसे देऊन कंपनीचंच घ्या. बिननावाचं खोकं ब्रेकसाठी मी कोणालाही घेऊ देणार नाही, सीट कव्हरवर वाचवा हवे तर.

बसवून झाल्यावर मेकॅनिकने टॉर्क रेंचने ब्रॅकेटचे चारही बोल्ट आवळले. मग मी पेंट मार्करने प्रत्येकावर पांढरी रेघ ओढून घेतली. आता सर्व्हिसिंगला चाक निघालं की आधी तीच बघतो.