आजारी लेकरू दारातून परत पाठवावं, की बाजूच्या खाटेवर ठेवावं?

सीतादही झालं, म्हणजे कापसाची वेचणी सुरू झाली, की आमच्या घरी लेकरं यायला लागतात. आया पराटीत, मजुरी किलोवर, त्यामुळे सकाळी साडेसात-आठला सोडून जातात आणि दिवस बुडताना नेतात. बायको, आई आणि मी मिळून सात-आठ लेकरं सांभाळतो. चार हंगाम झाले. घरीच असं पाळणाघर काढायचा कोणाचा विचार असेल तर हात धुणं, पाणी उकळणं, नखं कापणं हे काही मी सांगायला नको. खरा पेच पहिल्याच पंधरवड्यात दारात उभा राहतो. लेकराचं नाक वाहतंय, अंग जरा कोमट लागतंय, आणि आईचा एक पाय आधीच रस्त्यावर आहे. घ्यायचं की परत पाठवायचं?

दोन्ही करून पाहिलं. पहिले दोन हंगाम सरळ बंदी होती: ताप असेल तर आणू नका. नंतरचे दोन हंगाम छपरीत एक वेगळी खाट टाकली आणि आयांना म्हटलं, आणा, पण खरं सांगा.

बंदीच्या बाजूनं बोलण्यासारखं बरंच आहे, ते आधी बोलतो. नियम एका वाक्याचा असतो, वाद कमी होतात. बाकीच्या लेकरांच्या आयाही खूश असतात. खाट टाकल्यावर एकीनं मला तोंडावर विचारलं, "त्याचं पोट्टं आजारी, आमच्याच्या अंगावर काहून, भाऊ?" ह्याला माझ्याकडे आजही पुरतं उत्तर नाही. शिवाय घरात लेकरं पाहायला एकच माणूस असेल तर बंदीच बरी. खाटेवरचं लेकरू रडतं, उतरून पळतं, त्याच्याजवळ कोणीतरी बसावं लागतं. आमच्याकडे आई आहे म्हणून जमतं. ती नसती तर हा लेख कदाचित उलटा लिहिला असता.

पण सर्दीचं काय? लहान लेकरांना वर्षात सात-आठदा सर्दी होणं यात काही विशेष नाही, आणि ती नाक वाहायच्या आदल्या दिवशीपासूनच दुसऱ्याला लागू शकते. प्रत्येक शेंबड्या नाकाला परत पाठवायचं ठरवलं तर डिसेंबरात माझ्या घरी कोणीच उरणार नाही. आम्ही सर्दीलाही बंदी केली होती. त्या दोन हंगामांत सर्दी कमी झाली असं मला तरी वाटलं नाही. मोजून ठेवलेलं नाही, पण बायकोचंही मत तेच.

आता ज्या गोष्टीनं माझं मन फिरवलं ती सांगतो. गोष्ट आहे तापाच्या औषधाची.

आम्ही "ताप असला तर ठेवणार नाही" म्हटल्यावर ताप यायचा थांबला नाही, आम्हाला दिसायचा थांबला. आई घरून निघताना पॅरासिटामॉलचं सिरप पाजायची. तासाभरात अंग उतरायचं, दारात लेकरू हसत यायचं, आणि चार-पाच तासांनी औषधाचा जोर ओसरला की चुलीवरच्या तव्यासारखं तापायचं. तोपर्यंत ते सगळ्यांच्या ताटल्या चाटून बसलेलं असायचं. बंदी राहायची भिंतीवरच्या कागदात, आणि आजार घरात.

एवढ्यावर राहिलं असतं तर मी चिडून गप्प बसलो असतो. पण दुसऱ्या हंगामात दीड वर्षाच्या एका पोरीला सकाळी दहाला कडकडून ताप भरला. बायकोनं आमच्या बाटलीतलं सिरप पाजलं. संध्याकाळी पोरीच्या आईनं सहज सांगितलं की पावणेआठला तिनंही पाजलं होतं. म्हणजे मध्ये फक्त सव्वादोन तास. वर तिची बाटली 5 मिलीत 250 मिलिग्रॅमची होती, आमची 125 ची. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांत निदान चार तास जावे लागतात, दिवसरात्रीत चारपेक्षा जास्त डोस द्यायचे नाहीत, आणि जास्त झालं तर ते यकृतावर जातं. पोरीला काही झालं नाही. आम्ही दोघं मात्र त्या रात्री झोपलो नाही. दुसऱ्या दिवशी मी जरा आवाज चढवूनच विचारलं, सांगितलं का नाही? ती म्हणाली, "सांगतलं असतं त ठेवलं असतं काय?"

नसतंच ठेवलं. मग तिला खोटं बोलायला लावलं कोणी?

तेव्हापासून आमच्याकडे तापापेक्षा लपवण्याला जास्त धाक आहे. औषध पाजलं असेल तर बाटली सोबत यायला हवी, आणि कधी पाजलं ते सांगायला हवं. सगळ्यांकडे घड्याळ असतंच असं नाही, म्हणून आम्ही वहीत "पहिल्या एसटीच्या आधी" किंवा "शाळेच्या घंटेनंतर" असंही लिहून घेतो. आईनं सांगितल्याशिवाय आमच्या हातून एक थेंबही जात नाही. खोकल्याचं सिरप तर मी सोबत आलं तरी देत नाही. 2025 मध्ये छिंदवाड्याकडची लेकरं खोकल्याच्या विषारी औषधानं गेली, त्यातली कित्येक नागपूरच्या दवाखान्यांत उपचार घेत होती. त्यानंतर केंद्राची सूचनाही आली: दोन वर्षांखाली नाहीच, पाच वर्षांखाली शक्यतो नको. आता हे सांगावं लागत नाही, आयाच घाबरतात.

खाटेची पद्धत म्हणजे सगळ्यांना मोकळं रान, असं मात्र कोणी समजू नये. काही बाबतींत मी अजूनही दारातूनच परत पाठवतो, त्यात मजुरी बुडते हे माहीत असूनही. जुलाब आणि उलटी असली की थांबल्यावर पुरते दोन दिवस नाही. ढुंगण एकाचं धुवायचं आणि घास दुसऱ्याला भरवायचा, त्या घरात हा धोका खाटेनं टळत नाही. परत पाठवताना ओआरएसची पुडी देतो, एक लिटर पाण्याला एक, अर्धी-अर्धी करायची नाही. झिंकच्या गोळ्या 14 दिवस पुऱ्या करायला आशाताईंना सांगून ठेवतो, कारण जुलाब थांबले की गोळी थांबते हे ठरलेलं. तापासोबत अंगावर पुरळ दिसलं तर तेही नाही. गोवर पुरळाच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत लागतो. कांजिण्यांच्या सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत थांबायचं. गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पुरे झाल्यावर आणि पुन्हा 16 ते 24 महिन्यांत सरकारी मिळते, कांजिण्यांची त्या यादीत नाही. म्हणून माझ्या वहीत प्रत्येकाच्या कार्डावरच्या लसी आधीच उतरवलेल्या असतात. इथे "माता आली" म्हणून कोणी लपवत नाही, उलट हात जोडून सांगतात, हे त्यातल्या त्यात बरं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप असेल तर खाटही नाही आणि घरही नाही, सरळ डॉक्टर.

खाटेचा एक फायदा मला नंतर कळला. लेकरू वेगळं असलं की नीट दिसतं. बाकीच्यांच्या गोंगाटात कोणाची धाप लागली हे लक्षात येत नाही. माझी आई खाटेजवळ बसून लेकराच्या पोटाकडे पाहते आणि मी मोबाइलचं घड्याळ लावून पुरा एक मिनिट श्वास मोजतो, लेकरू रडत नसताना. दोन महिने ते वर्षाचं असेल तर मिनिटाला 50 किंवा जास्त, वर्ष ते पाच वर्षांचं असेल तर 40 किंवा जास्त म्हणजे न्यूमोनिया असू शकतो, वाट पाहायची नाही, डॉक्टर. बरगड्या आत ओढल्या जात असतील, ज्याला इकडे डब्बा म्हणतात, तर मोजतही बसायचं नाही, 108 ला फोन. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून गावातल्या साध्या माणसांना हेच मोजायला शिकवलं. ते शिकले तर आपल्यालाही जमतंच. बंदीच्या काळात असं लेकरू आमच्या दारातून परत जायचं आणि कुठल्या तरी बांधावर झाडाखाली झोळीत पडून राहायचं. त्याचे श्वास तिथे कोण मोजणार होतं?

तुमचं घर वेगळं असू शकतं. एकच खोली असेल, छपरी नसेल, मदतीला कोणी नसेल, तर बंदी ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. फक्त बंदी ठेवली तरी रोज दारातच, रागावल्यासारखं न विचारता, एवढं विचारा: औषध पाजलं का, आणि कधी?

आणि खाट टाकायचीच ठरवली तर माजघरात नको, वारा खेळतो अशा जागी, बाकीच्यांच्या खेळण्यापासून दोन-तीन पावलं दूर. पेला आणि टॉवेल वेगळा. सुंभाची खाट घेऊ नका. आमची पहिली तीच होती, एकदा ओकारीनं भिजली तर दोन दिवस वाळली नाही आणि वास गेला नाही तो नाहीच. आता प्लास्टिकच्या पट्टीची आहे. अंगणात भिंतीला उभी करून साबणाच्या पाण्यानं घासली की उन्हात दुपारपर्यंत कोरडी होते.