दिवाळी ते पोळा: परभणीचा उन्हाळा काढलेला रायझन ७ ७८०० एक्सथ्रीडी

दहा महिने झाले एएमडीचा हा गेमिंगचा प्रोसेसर, म्हणजे पीसीची मुख्य चिप, वापरायलो, आता लिहायला हरकत नाही. घेतला तेव्हाच लिहिणार होतो पण मुद्दाम थांबलो, कारण दिवाळीत आपल्याकडं कोणताही पीसी थंडच चालतो, खरी परीक्षा एप्रिल-मे मधी असते आणि तो उन्हाळा काढल्याशिवाय कोणाला काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं.

आधी माझी परिस्थिती सांगतो, नस्ता आकडे वाचून काही कळणार नाही. खोली वरच्या मजल्यावर, डोक्यावर सरळ स्लॅब, एसी नाही, खिडकीत पाण्याचा कूलर आहे. मे मधी परभणीचा पारा ४२-४३ ला जातो आणि संध्याकाळी सहाला बाहेर जरा बरं वाटायला लागतं तेव्हा खोली मात्र सगळ्यात जास्त तापलेली असते, दिवसभर पिलेलं ऊन स्लॅब तेव्हा सोडतो. टेबलावर साधं थर्मामीटर ठेवलंय, कूलर बंद असला की ते ३९-४० दाखवतं. लाइट पण जाते, उन्हाळ्यात आणि पहिल्या वळवाच्या पावसात तर दिवसातून दोन-तीनदा.

आता हे काहून सांगायलो, तर जेवढे रिव्ह्यू आपण बघतो ते सगळे २१ ते २५ डिग्रीच्या एसी खोलीत केलेले असतात. प्रोसेसरचं तापमान म्हणजे खोलीचं तापमान अधिक चिप जेवढी गरम होते तेवढं. चिपवरचा कूलर तोच, तेच वॅट, फक्त खोली १६ डिग्रीनं गरम, तर चिपपण जवळपास तेवढीच वर जाणार, त्याला कोणतीच कंपनी काही करू शकत नाही. रिव्ह्यूमधी ७८ दिसणारी चिप माझ्या खोलीत ९४ ला जाणार. हे गणित मी घेण्याआधी वहीत मांडलं होतं आणि खरं सांगायचं तर माझी सगळी निवड त्या एका पानावर झाली, एफपीएसचे, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम दिसतात त्याचे, तक्ते मी नंतर बघितले.

तेव्हा डोक्यात दोन चिपा होत्या. एक इंटेलची १४९०० के, २४ कोर, ६ गिगाहर्ट्झ, ऐकायला लई भारी. संभाजीनगरला ज्या दुकानात गेलो तिथला माणूस तीच घ्या म्हणत होता, सोबत चिप थंड ठेवायला ३६० एमएमचा पाण्याचा कूलर आणि मोठी पॉवर सप्लाय, "दादा एकदाच घ्यायचं तर टॉपचं घ्या". पण त्या चिपची वरची पॉवर लिमिट २५३ वॅट आहे. गेममधी तेवढी ओढत नाही हे खरं, तरी सव्वाशे-दीडशे वॅट सहज जातात. आणि १३ व्या-१४ व्या पिढीच्या वरच्या चिपांमधी जास्त व्होल्टेजनं चिप हळूहळू खराब होते हे २०२४ मधी इंटेलनं स्वतः मान्य केलेलं होतं, ऑगस्टमधी त्यावर मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतल्या प्रोग्रामची दुरुस्ती, दिला, वॉरंटीपण दोन वर्षं वाढवून दिली. ती वाढवली हे चांगलंच केलं, पण वॉरंटीचा माल पाठवून वाट बघत बसणं परभणीत बसून किती अवघड आहे ते इथल्याच माणसाला कळतं. त्याच ऑक्टोबरात इंटेलची नवी अल्ट्रा २०० सिरीज आली, ती वीज कमी खाते पण गेमिंगमधी त्यांच्याच जुन्या पिढीच्या मागं पडायली होती.

दुसरी ही, ७८०० एक्सथ्रीडी. एप्रिल २०२३ ची चिप, ८ कोर १६ थ्रेड, ५ गिगाहर्ट्झ. कागदावर साधी वाटते. कागदावर १२० वॅट लिहिलंय पण गेममधी माझ्याकडं ही ४५ ते ६५ वॅटच्या वर क्वचित जाते. तेवढ्यासाठी साधा दोन टॉवरचा हवेचा कूलर पुरतो, पाण्याचा पंप बंद पडायची भीती नाही.

एवढी कमी वीज खाऊन ही गेममधी पुढं कशी, हे माझ्या पप्पांनीपण विचारलं होतं, त्यांना जसं सांगितलं तसंच सांगतो. कोर म्हणजे स्वयंपाक करणारी बाई समजा आणि रॅम म्हणजे मोंढा. घरात कणगी लहान असली की दर थोड्या वेळानं धान्य आणायला मोंढ्यात जावं लागतं, आणि ती कितीही चपळ असली तरी तेवढा वेळ चूल रिकामी जळते. साध्या आठ कोरच्या रायझनमधी ही कणगी, म्हणजे एल-थ्री कॅश, ३२ एमबी असते. ह्याच्यात वरून ६४ एमबीची अजून एक चकती चिकटवलीय, एकूण ९६. गेमला लागणारं पुष्कळसं सामान घरातच सापडतं, मोंढ्याच्या चकरा कमी, म्हणून घाई करायची गरजच पडत नाही. पप्पांची आयुष्यभर आडतीवर दिवाणजी म्हणून नोकरी झाली, त्यांना एका वाक्यात पटलं.

पण त्या चकतीचा एक तोटा आहे तो पण सांगितला पाहिजे. ती कोरच्या वर बसते, अंगावर गोधडी घेतल्यासारखी, त्यामुळं आतली उष्णता बाहेर यायला वेळ लागतो. वॅट कमी असूनपण तापमान पटकन वर उडी मारतं. म्हणून कंपनीनं हिची मर्यादा ८९ डिग्री ठेवलीय, दुसऱ्या बऱ्याच रायझनची ९५ असते, आणि मल्टिप्लायर लॉक आहे, म्हणजे वेग हातानं वाढवता येत नाही. मी घेतली आणि आठवड्याभरातच, ७ नोव्हेंबर २०२४ ला, ९८०० एक्सथ्रीडी आली, तिच्यात त्यांनी गोधडी अंगावरून काढून खाली अंथरली, कोर सरळ झाकणाला भिडले, लॉकपण काढलं. गेममधी ती हिच्यापेक्षा वेगवान आहे, पण वीजपण जास्त खाते. मला तेव्हा दोन दिवस वाईट वाटलं. नंतर नाही वाटलं, माझ्या मॉनिटरवर तो फरक दिसलाच नसता.

भाव सांगतो, मला साधारण ४२ हजाराला पडली आणि तेव्हा माल कमी असल्यानं भाव चढलेले होते. सोबत बी६५० चा बोर्ड, १६-१६ जीबीच्या डीडीआर५ ६००० रॅमच्या दोन पट्ट्या, ४०७० सुपर ग्राफिक्स कार्ड, ७५० वॅटची पॉवर सप्लाय, १४४० पीचा मॉनिटर. आधी इंटेलचा ९४०० एफ प्रोसेसर आणि १६६० कार्ड होतं, तेच पाच वर्षं ओढलं.

गेमचं म्हणाल तर सरासरी एफपीएस किती वाढले ह्याच्यात मला फार रस नाही. काउंटर स्ट्राइक २ मधी जुन्या चिपवर स्मोक फुटला, तीन-चार जण एका कोपऱ्यात आले की फ्रेम खाली बसायचे आणि नेमकं तेव्हाच निशाणा लागायचा नाही, ते पूर्ण गेलं. असेट्टो कोर्सा कॉम्पेटिझिओनेमधी वीस-पंचवीस गाड्या एकदम पहिल्या वळणावर जातात तिथं आधी अडखळायचं, आता नाही. सगळ्यात मोठा फरक फ्लाइट सिम्युलेटरमधी. मी नांदेडहून उडून मुंबईला उतरवतो, हा माझा रविवार सकाळचा ठरलेला कार्यक्रम आहे, आणि जुन्या पीसीवर मुंबईच्या इमारती यायला लागल्या की विमान हिसके मारायचं. ह्या चिपवर पहिल्यांदा ते गुळगुळीत उतरलं तेव्हा मी आईला वर बोलावून दाखवलं.

ज्या गेममधी सगळा भार ग्राफिक्स कार्डवर असतो, मोठं रिझोल्यूशन, सगळ्या सेटिंग अल्ट्रा, तिथं हा प्रोसेसर आणि अर्ध्या किमतीचा साधा रायझन ७६०० ह्यात डोळ्याला फरक दिसत नाही. तुमचं बजेट एकूण लाखाच्या आत असेल तर ७६०० घ्या आणि उरलेले पैसे कार्डात घाला, ही चिप घेऊन कार्डात काटकसर केली तर पस्तावाल. बोर्ड मात्र एएम५ चा, म्हणजे ह्या चिपा ज्या सॉकेटात बसतात त्याचा, घ्या, एएमडीनं २०२७ पर्यंत आणि पुढंही ह्या सॉकेटला सपोर्ट देऊ असं सांगितलंय, उद्या बायोस, म्हणजे बोर्डाचा आतला प्रोग्राम, अपडेट करून त्याच बोर्डात वरची चिप बसवता येते.

आता मे महिना. खोली ३९, खिडकीतला कूलर बंद, दोन तास फ्लाइट सिम्युलेटर, चिप ७७-७८ वर. नोव्हेंबरात तेच ६१-६२ होतं. वहीतलं गणित बरोबर निघालं. मंग एका दुपारी मुद्दाम सगळ्या कोरवर भार टाकणारी रेंडर टेस्ट लावली, चार मिनिटांत ८९ ला टेकली आणि घड्याळ, म्हणजे चालायचा वेग, थोडं खाली घेतलं. बंद पडली नाही, आवाज वाढला फक्त. त्या रात्री बायोसमधी जाऊन कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे चिपचं व्होल्टेज कमी करायची सेटिंग, उणे २० केला. तेव्हापासून तीच टेस्ट ८४-८५ ला थांबते आणि घड्याळपण वरच राहतं. प्रत्येक चिपला उणे २० झेपेलच असं नाही, उणे १० पासून सुरू करा, दोन-तीन दिवस वापरा, मंग वाढवा, कारण नीट नसलं तर गेममधी नाही, रिकामं बसलेलं असताना पीसी अचानक रीस्टार्ट होतो आणि माणूस उगीच पॉवर सप्लायवर संशय घेतो.

खिडकीतला पाण्याचा कूलर चालू केला की कोरड्या उन्हाळ्यात खोली सात-आठ डिग्रीनं उतरते आणि चिपपण तेवढीच उतरते. फक्त त्याचा झोत कॅबिनेटवर सरळ घेऊ नका. ओलावा आणि आपल्या काळ्या मातीची धूळ मिळून फिल्टरवर चिखलाचा थर बसतो, मी एप्रिलमधी तीन आठवडे ही चूक केली आणि चिपवरच्या कूलरच्या पात्या दाढीच्या ब्रशनं एक-एक करून साफ कराव्या लागल्या.

विजेचं. बिलात फार फरक पडेल असं समजून घेऊ नका, रोज चार तास खेळलं आणि ८० वॅट वाचले तर महिन्याला दहा युनिटच्या आसपास होतात. खरा फायदा दोन ठिकाणी आहे. एक, जेवढे वॅट पीसी ओढतो तेवढी उष्णता त्याच खोलीत पडते, आणि त्या खोलीत आपण बसलेलो असतो. दुसरा फायदा इन्व्हर्टरचा. घरी ११०० व्हीएचा सायनवेव्ह इन्व्हर्टर आणि १५० अँपिअरअवरची बॅटरी आहे. फ्रेम १०० वर बांधले तर पूर्ण पीसी, मॉनिटर धरून, तीनशे वॅटच्या आत राहतो आणि लाइट गेल्यावर दोन तास आरामात खेळ चालतो, खाली पंखा चालू ठेवून. इन्व्हर्टरचं मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा, नाहीतर बदलताना तेवढ्यात पीसी बंद होतो. जुना स्क्वेअरवेव्ह इन्व्हर्टर असेल तर आजकालच्या बऱ्याच पॉवर सप्लाय त्याच्यावर कुरकुरतात, आधी तपासा.

त्रास झाला तो पहिल्याच दिवशी. सगळं जोडलं, बटण दाबलं, पंखे फिरले आणि स्क्रीन काळी. पाच मिनिटं काळी. मी दोनदा बंद करून चालू केलं, तेच चुकलं. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा ट्रेनिंग करते, म्हणजे बोर्डाशी आपला वेग जुळवून घेते, त्याला काही मिनिटं लागतात, गप बसायचं. दुकानदारानं हे सांगायला पाहिजे होतं. शिवाय त्यानं बोर्ड फार जुन्या बायोसवरच दिला, अपडेट करून देतो म्हणाला होता. हे किरकोळ नाही, २०२३ मधी एसओसी व्होल्टेज, म्हणजे चिपमधल्या रॅम सांभाळणाऱ्या भागाचं व्होल्टेज, जास्त गेल्यानं काही एक्सथ्रीडी चिपा सॉकेटात जळाल्या होत्या आणि त्यानंतर एएमडीनं नव्या बायोसमधी ते १.३ व्होल्टला बांधलं. म्हणून बोर्डावर तशी सोय असेल तर चिप बसवायच्या आधीच पेनड्राइव्हनं बायोस अपडेट करून घ्या, आणि ते काम पीसी इन्व्हर्टरवर असतानाच करा, मधीच लाइट गेली तर बोर्ड हातचा जाऊ शकतो. रॅमच्या चार पट्ट्या लावू नका, चार लावल्या की स्पीड फार खाली येतो, दोनच मोठ्या घ्या.

अजून एक खटकतं, काहीच करत नसताना पण ही २५-३० वॅट घेत राहते. नुसतं ब्राउझर उघडं ठेवलं तरी उन्हाळ्यात ५५ दाखवते. काही बिघाड नाही, पण घेतल्या-घेतल्या बघून घाबरायला होतं.

ही चिप सगळ्यांसाठी नाही. माझा मावसभाऊ सेलूला लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, त्यानं माझं बघून हीच घ्यायची म्हटलं आणि मीच त्याला थांबवलं. त्याच्या कॅमेऱ्याच्या फाइल १० बिट ४:२:२ च्या, म्हणजे रंगाची जास्त माहिती ठेवणाऱ्या, असतात, इंटेलच्या क्विक सिंकवर, म्हणजे चिपमधल्या व्हिडिओसाठीच्या वेगळ्या भागावर, त्या टाइमलाइनवर सरळ पळतात, इथं अडकल्या असत्या, आणि रेंडरला आठ कोर कमीच पडतात. त्याला इंटेलची १४७०० घ्यायला लावली, नावात शेवटी के नसलेली, ताजा बायोस टाकून, पॉवर लिमिट खाली बांधून. लग्नसराई त्यानं त्याच्यावर काढली, खूश आहे.

काल पोळ्याला घरी सगळे होते म्हणून पीसी बंद होता, तेवढ्यात कॅबिनेट उघडून फिल्टर धुतला. थर्मल पेस्ट अजून तशीच ठेवलीय, तापमान वाढलेलं नाही. फेब्रुवारीत, ऊन चढायच्या आधी, बदलणार आहे आणि तेव्हा पुढच्या मे चे आकडे ह्याच वहीत ह्या वर्षीच्या शेजारी लिहीन.