गच्चीचं पाणी: थेट बोरिंगमध्ये की वेगळ्या खड्ड्यात?

इंदुरात ज्या कॉलनीचं पिण्याचं पाणी अजून अर्धंमुर्धं बोरिंगवर आहे, तिथे मे महिन्यात रहिवासी संघापुढे हा प्रश्न निघतोच: गच्चीवरचं पावसाचं पाणी आणणारा पाइप गाळणी लावून थेट बोरिंगला जोडायचा, की रिचार्जसाठी (पाणी जमिनीत मुरवण्यासाठी) वेगळा खड्डा घ्यायचा? (सांडपाण्याचा शोषखड्डा नव्हे, बैठकीत हा घोळ हमखास होतो.)

थेट जोडणीची बाजू लंगडी नाही. जागा लागत नाही, प्लंबर दिवसभरात काम उरकतो. माळव्याची काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि वरचं पाणी खाली जाऊ देत नाही. पाइपानं तिला बगल मिळते. २०० चौरस मीटर गच्ची आणि ९०० मिलीमीटर पाऊस धरला, तर गळती-बाष्प वजा जाता सव्वा-दीड लाख लिटर पाणी सरळ कातळात उतरतं.

घोडं अडतं ते पहिल्या पावसाच्या व्हॉल्व्हपाशी. कबुतरांची विष्ठा, धूळ, पालापाचोळा घेऊन येणारा पहिला १-२ मिलीमीटर पाऊस बाहेर सोडायचा असतो. एवढ्या गच्चीवर ते २०० ते ४०० लिटर होतात. त्यासाठी जो चार इंची उभा पाइप लावून देतात, त्यात मीटरमागे जेमतेम ८ लिटर मावतात. म्हणजे व्हॉल्व्ह हातानंच फिरवायला हवा. पाऊस येतो रात्री दोनला, किल्ली चौकीदाराकडे, आणि शिडी पंपघरात कुलूपबंद! आठवडाभर उघडीप पडली की पुन्हा तेच. गाळणीची जाळी कचरा अडवते, जंतू नाही. इथला बेसॉल्ट (काळा कातळ) पाणी फटींतून पळवतो, त्यामुळे मातीत मुरताना होणारी गाळणही होत नाही. आपल्या बोरिंगमधली घाण शेजारच्या बोरिंगमध्येही निघू शकते. शिवाय जोडणीसाठी केसिंगला, म्हणजे बोरिंगच्या तोंडाशी बसवलेल्या पाइपाला, भोक पाडावं लागतं. तिथलं सीलंट उन्हानं तडकलं की मुंग्या-झुरळांना वाट मिळते.

खड्ड्याला खर्च जास्त, हे खरं. साधारण २ × २ मीटर, खोली मुरूम लागेपर्यंत. इथेच फसगत होते: ठेकेदार ठरलेल्या फुटांवर थांबतो, तळाशी काळी माती तशीच राहते आणि ऑगस्टमध्ये खड्ड्याचं डबकं होतं. म्हणून भराव टाकण्याआधी पाणी भरून पाहा. दुसऱ्या दिवशीही उतरलं नसेल, तर आणखी खोदा. तळाशी मोठे दगड, मग खडी, वर जाड वाळू. वाळूवर साचलेला गाळ दर मे महिन्यात दोन बोटं खरवडायचा, बस. इमारतीच्या पायापासून ३ मीटर, सेप्टिक टँक आणि ड्रेनेजच्या चेंबरपासून किमान १५ मीटर अंतर ठेवा. ओव्हरफ्लो गटाराकडे काढा.

अंगणच नसेल, तर थेट जोडणीला पर्याय उरत नाही. मग निदान निचऱ्याचा व्हॉल्व्ह जमिनीपासून छातीच्या उंचीवर बसवा आणि एरवी उघडाच ठेवा. गच्ची धुऊन निघाल्यावरच पाणी बोरिंगकडे वळवा. तरीही गढूळ पाणी गेलंच, तर सहा इंची बोरिंगमध्ये ६० मीटर पाणी असताना सुमारे २०० ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर बादलीत कालवा, वरचं निवळ तेवढंच ओता, १२ तास पंप बंद ठेवा. नंतर वास जाईपर्यंत पाणी उपसा आणि तपासणीत १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय (विष्ठेतून येणारे जंतू) शून्य आल्यावरच टाकी भरा.